गैरहजर मानकऱ्यांचा पुकारा

१

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. आमच्यात देवाची शपथ घेत नाहीत, म्हणून माझ्या मिशीची शपथ घेऊन सांगतो, यात एक अक्षरही पदरचं नाही.

आता मिशी मला नाही, हे आमच्या गावातलं कुणीही सांगेल. पण सिनेमात होती. डिंकानं चिकटवलेली, दोन्ही टोकं वर वळलेली. ज्या दिवसांची ही गोष्ट आहे ते सगळे दिवस ती माझ्या ओठावर होती, म्हणजे शपथ लागू पडते. बावीस दिवस. एकोणीसही असतील. नबीला विचारलं तर तो सोळा सांगेल, पण नबी शिंपी आहे. त्याला मापं लक्षात राहतात, दिवस नाही.

मी जालिंदर. परळीपासून सात-आठ किलोमीटरवरच्या एका गावात ग्रामपंचायतीचा शिपाई. वय बावन्न. गावात मला तोंडावर कुणी खोटारडा म्हणत नाही. 'ही जालिंदरची गोष्ट हाय' एवढंच म्हणतात आणि ऐकणारा काय ते समजून घेतो. विहिरीत पडलेला बिबट्या मी टॉवेल दाखवून वर काढला, ही माझी सगळ्यात गाजलेली. बिबट्या नव्हता, पण टॉवेल खरा होता.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये माझी बायको अंजली गेली. तीन दिवसांचा ताप. जलदानविधी झाला, पाहुणे गेले, मुलगी आम्रपाली पुण्याला दवाखान्यातल्या नोकरीवर परत गेली आणि घरात मी राहिलो. दोन खोल्यांचं घर. दारात चप्पल काढताना आत हाक मारायची सवय सत्तावीस वर्षांची, ती तोंडाला येतेच. हाक आतल्या खोलीपर्यंत जायची आणि तिथंच राहायची.

आम्रपाली दर रविवारी फोनवर म्हणायची, "बाबा, घराला कुलूप लावा अन् इकडं या." मी म्हणायचो, पंचायतीचं माझ्यावाचून अडतं. पंचायतीत माझं काम दोन तासांचं. उरलेला दिवस मी ओ देणारं माणूस शोधत हिंडायचो. पारावर, दवाखान्याच्या रांगेत, कुठंही. मला एवढंच पाहिजे होतं. सिनेमात काम करायची हौस कधीच नव्हती.

हौस नव्हती हे खोटं आहे. थोडी होती.

२

गेल्या हिवाळ्यात गावाबाहेरच्या बंद कापूस जिनिंगच्या गोदामात पुण्याच्या लोकांनी दरबार उभा केला. पुढून बघितलं तर दगडी खांब, मागून बघितलं तर बांबू आणि प्लास्टर. समोर तख्त. तख्तासमोर दोन रांगांत चोवीस गाद्या, पांढऱ्या खोळींच्या, पाठीला लोड. डाव्या हाताला राण्यांसाठी उंचावर सज्जा आणि त्याच्यावर बांबूच्या कामट्यांचा चिकाचा पडदा. राण्या आतून बघणार, बाहेरून त्या दिसणार नाहीत.

सिनेमा असा. एका छोट्या संस्थानाचा राजा. बाहेर प्रजेनं बंड केलंय, कचेऱ्या पेटल्यात, आणि आत दरबार रोजच्यासारखा भरतोय. रोज दोन-चार मानकरी गुपचूप पळून जातात. राजा हुकूम सोडतो की पळालेल्यांचीही नावं रोज पुकारली जातील. मग चोपदार रोज चोवीस नावं पुकारतो आणि रोज कमी जण 'हाजिर' म्हणतात. शेवटी राजा आणि चोपदार दोघंच उरतात, तरी पुकारा पूर्ण होतो.

तो चोपदार मी.

परवानगीसाठी ही मंडळी पंचायतीत आली तेव्हा आमचा भोंगा बंद पडला होता आणि मी ओट्यावर उभा राहून तोंडी दवंडी देत होतो. दिग्दर्शिका सानिका मॅडम गाडीतून उतरता उतरता वळल्या. पलीकडच्या म्हशीही वळल्या, पण काम मला मिळालं.

माझ्या आज्याला असल्या दरबाराच्या पायरीजवळसुद्धा कुणी उभं केलं नसतं. नातू चांदीच्या मुठीची काठी आपटून सरदारांची हजेरी घेतोय, हे बघायला तो पाहिजे होता. मूठ पत्र्याची होती, पण लांबून चांदीच वाटायची.

कपडेपटाचं काम परळीच्या नबीकडं होतं. नबी माझा शाळेपासूनचा. गोदामाच्या कोपऱ्यात मशीन मांडून तो दिवसभर अंगरखे उसवायचा आणि शिवायचा.

"पाठ सरळ कर ना बे," पहिल्या दिवशी तो मला म्हणाला. "अंगरखा चोपदाराचा शिवलाय, कुबड्याचा न्हाई."

"तूच आखूड शिवलास."

"आखूड न्हाई शिवला. तू लटकतोयस त्याच्यात."

साठ माणसं होती तेव्हा. मानकरी, हुजरे, दिवे लावणारे, चहा देणारे. दुपारी जेवणाची रांग लागली की मी गोष्ट सुरू करायचो आणि पुढचा-मागचा कुणीतरी 'मग?' म्हणायचा. दोन वर्षांत पहिल्यांदा मला संध्याकाळी घरी जाताना घसा दुखत असायचा.

पुण्याच्या लोकांना एकाच गोष्टीचा वैताग होता. राख. परळीच्या वीजकेंद्राच्या धुराड्यांतून उडून येते ती. आम्हाला तिचं काही वाटत नाही. दोरीवरचे कपडे झटकायचे, ताट पुसून घ्यायचं आणि जेवायचं. पण त्यांच्या पांढऱ्या गाद्यांवर रोज सकाळी करडा थर बसलेला असायचा, आणि दोन माणसं ओली फडकी घेऊन तो पुसत बसायची.

३

चूक माझीच झाली, हे आधीच सांगून ठेवतो.

किल्लेदार मानाजीरावांचं काम घाटनांदूरचा आप्पाराव करायचा. पाचव्या दिवशी तो कुणाला न सांगता भाच्याच्या साखरपुड्याला दिंद्रुडला गेला. त्याची गादी मागच्या खांबाआड होती, तो नसल्याचं कॅमेऱ्याला दिसणार नव्हतं. पण नाव पुकारलं की ओ यायला पाहिजे होती. अजून कुणी पळायचं नव्हतं, सगळे चोवीस हजर पाहिजे होते.

आता आमच्याकडची एक पद्धत. ग्रामसभेला माणसं कमी पडली की सभा तहकूब होते आणि सगळ्यांची खोटी होते. म्हणून नावं वाचताना जो आला नसेल त्याच्या नावाला मी मागच्या खांबाआडून ओ देतो. ज्याची ओ त्याचा आवाज. सटवा खोकून बोलतो, तर मी खोकून बोलतो. चंद्रभागाबाई लांबवून बोलते, तर मी लांबवतो. यात कुणाला काही गैर वाटत नाही. माणूस घरी असतोच, फक्त सभेत नसतो.

त्या दिवशी मी काठी आपटली आणि पुकारलं, "किल्लेदार मानाजीराव." ओ आली नाही. आणि हाताला खाज यावी तसं माझ्याच तोंडून, ओठ न हलवता, आप्पारावच्या नाकातल्या आवाजात निघालं, "हाजिर."

मॅडमना कळलंही नाही. शॉट झाला तशी माणसं हसून हसून लोडावर पडली. राजाचं काम करणारे नट, जे दिवसभर काकडी खायचे आणि कुणाशी बोलायचे नाहीत, तेसुद्धा हसले.

नबी हसला नाही. सुईत दोरा ओवता ओवता म्हणाला, "जो न्हाई त्याची हजेरी कावून लावतो बे?"

"गावात कायमच लावतो की."

"गावातला माणूस कुटंतरी असतो."

"आप्पाराव बी हाय. दिंद्रुडला जिलेबी खात बसला आसंल."

"आप्पाराव दिंद्रुडला हाय," नबी म्हणाला. "मानाजीराव कुटं हाय?"

मी त्यावर काहीतरी विनोद केला. काय केला ते आठवत नाही.

४

आठव्या की नवव्या दिवसापासून मानकरी पळायला लागले. पहिल्या खेपेला सहा गेले. आप्पाराव त्यातच होता. आपलं काम संपलं म्हणून तो खुशीत घाटनांदूरला गेला, जाताना मला मिठी मारून गेला.

मॅडमनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, रिकाम्या झालेल्या गाद्यांवरची राख पुसायची नाही, ती पडद्यावर छान दिसते. दुसरी माझ्यासाठी. पळालेल्या माणसाचं नाव पुकारलं की लगेच पुढच्या नावावर जायचं नाही. मनातल्या मनात दोन अंक मोजायचे. त्या दोन अंकांत दरबार ओ येण्याची वाट बघतो.

मी काठी आपटली. "किल्लेदार मानाजीराव."

एक. दोन.

"हाजिर."

आवाज मोठा नव्हता. सभेला उशिरा आलेला माणूस दाराशी चपला काढता काढता बोलतो तसा, जरा ओशाळलेला. आप्पारावचा तर नव्हताच. आप्पाराव नाकात बोलतो.

"कट," मॅडम म्हणाल्या. "जालिंदर काका, प्लीज. एकदा गंमत झाली, बास."

"मॅडम, मी न्हाई बोललो."

सगळा दरबार हसला. मी मिशीची शपथ घेतली, तर आणखी हसला. खोटं बोलणाऱ्याची ही एक अडचण आहे. त्यानं आयुष्यभर हसवलेलं असतं, आणि एक दिवस त्याला लोकांचं हसणं थांबायला पाहिजे असतं.

दुसऱ्यांदा शॉट घेतला तेव्हा ओ आली नाही. मॅडमनी मान डोलावली, म्हणजे बघा, काका वठणीवर आले.

आवाजाचं काम लातूरचा लखन करायचा. पस्तिशीचा, कानांवर कायम मोठे हेडफोन. संध्याकाळी मी मिशी काढत बसलो होतो तेव्हा तो येऊन शेजारी बसला. बराच वेळ वायरची गुंडाळी करत राहिला.

"काका, तुमच्या अंगरख्यात एक माइक हाय ना."

"हाय की. गुदगुल्या होत्यात त्याच्या."

"अन् गाद्यांच्या मागच्या रांगेवर एक टांगलेला हाय. तुमचा पुकारा तुमच्या माइकवर मोठा हाय, मागच्यावर बारीक. ते बरोबर हाय." त्यानं गुंडाळी सोडली आणि पुन्हा घालायला लागला. "ती ओ मागच्या माइकवर मोठी हाय. तुमच्यावर जवळजवळ न्हाईच."

"मंग मॅडमला सांग की."

"सांगितलं. म्हणल्या, डबिंगमध्ये काढून टाकू."

५

माझ्या बापानं भुताखेताला आमच्या घरात जागाच ठेवली नव्हती. जे दिसतं, मोजता येतं, चारचौघांत सिद्ध करता येतं, ते खरं. मी थापा मारत असलो तरी मनातून बापाच्याच बाजूचा आहे. थाप मारणाऱ्याला खरं काय ते नीट माहीत असावं लागतं, नाहीतर गोंधळ होतो.

म्हणून मी तपास केला. जेवणाच्या सुटीत गोदामात एकटा उभा राहिलो आणि टाळी वाजवली. वरचा पत्रा टाळी परत देत होता. 'ए' म्हटलं, 'ए' आलं. 'मानाजीराव' म्हटलं, 'राव' आलं. घुमणारा पत्रा तुमचाच शब्द तुम्हाला देतो. त्याच्याकडं स्वतःचा शब्द नसतो. आणि या 'ओ'ला पत्र्याचा घुमारा नव्हता. ती खालून, गादीच्या उंचीवरून येत होती. बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवरून.

मग मी सगळी गोष्ट लोकांवर ढकलून बघितली. कुणीतरी माझीच खोडी काढत असेल. पण खोडी काढणारी माणसं रोज कमी होत होती. चोवीसचे अठरा झाले, अठराचे अकरा. जेवणाची रांग लहान झाली. जे उरले ते माझ्यापासून जरा लांबच बसायला लागले, कारण आता दोन-तीन शॉट या ओमुळं वाया गेले होते आणि सगळ्यांची खात्री होती की ते मीच करतोय. गोष्ट सुरू केली तर कुणी 'मग?' म्हणेना.

नावं वाढली तशा ओ वाढल्या. मुनशी गुलाम दस्तगीर. जामदार विठोजीपंत. सरनोबत हैबतराव. रोज नाही, प्रत्येकाला नाही. पण कुणाचं कोणतं उत्तर ते मला आता ओळखू यायला लागलं होतं. हैबतराव घाईनं बोलायचे. मुनशींचा आवाज म्हातारा होता, 'जि'वर थरथरायचा. मी नकला करणारा माणूस. असा आवाज मला बनवता आला नसता. त्याच्यामागं साठ-सत्तर वर्षांचा तंबाखू होता.

एका सकाळी मी सगळ्यांच्या आधी पोचलो. दारातून उन्हाची तिरीप थेट गाद्यांवर आली होती. रिकाम्या गाद्यांवर राखेचा आठ-दहा दिवसांचा थर, कुणी न पुसलेला. मानाजीरावांच्या गादीवर मधोमध तो दबलेला होता. मांडी घालून बसलेल्या माणसाखाली दबतो तसा, रुंद, आणि पुढं दोन गुडघ्यांच्या दोन गोल जागा. लोडावरही पाठ टेकल्याची खूण होती.

मी बाकीच्या गाद्या बघितल्या नाहीत. बाहेर येऊन नबीची वाट बघत उभा राहिलो. तो आला, आत गेला, बघून आला, मशीनचं झाकण काढलं.

"मांजर बसलं आसंल," मी म्हणालो.

"मांजर मांडी घालून बसत न्हाई."

"मंग कोण बसतंय?"

"मला काय इचारतो?" त्यानं सुई पुसली, पुन्हा पुसली. "ह्या माणसाचा अंगरखा मी शिवला. आप्पारावच्या मापाचा. परवा खुंटीवरून काढला तर काखेत घाम होता, ओला. आप्पाराव जाऊन धा दिवस झाले."

"ह्यो जुन्या काळातला खराच कुणी आसंल का? मेलेला?"

"मॅडमला इचारलं मी. त्या म्हणल्या, संस्थान खोटं हाय, नावं लेखकानं बसून लिहिली. हे लोक कदी जन्मलेच न्हाईत." नबी पहिल्यांदा माझ्याकडं बघून बोलला. "मेलेल्याचं मला कळतं, जालिंदर. मेलेला कुणाचा तरी असतो. जो कदी न्हवताच त्याला हाक मारली, अन् त्यानं ओ दिली, तर तो कुणाचा?"

संध्याकाळी नबीनं मॅडमना सांगितलं की उरलेली शिलाई तो परळीतूनच करून पाठवेल. मशीन टेम्पोत चढवताना मला म्हणाला, "तू बी सोड. घरी ये, तुझी भाभी आमिनाबी जेवू घालंल. चार दिवस ऱ्हा."

त्याच्या घरी जायला पाहिजे होतं. पण माझ्या डोक्यात त्याचंच बोलणं उलटं होऊन बसलं होतं. जे कधी नव्हतेच ते ओ देतात. मग जी होती, सत्तावीस वर्षं होती, जिच्या हातच्या भाकरीची चव मला अजून सांगता येते, ती का देणार नाही?

माझ्या बापानं हा प्रश्न माझ्या तोंडात ऐकला असता तर मला घराबाहेर काढलं असतं.

६

शेवटच्या दिवशी दरबारात दोघंच होतो. तख्तावर राजेसाहेब आणि खाली मी. चोवीसच्या चोवीस गाद्या राखाडी. सकाळी अकराला मी पुकारा सुरू केला. प्रत्येक नावानंतर दोन अंक. मानाजीराव, एक, दोन. दस्तगीर, एक, दोन. एकही ओ आली नाही. चोवीस नावं संपली तेव्हा राजाच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते ग्लिसरीन न घालता आलेलं होतं. मॅडमनी माझे दोन्ही हात धरले.

"काका, ती शांतता," त्या म्हणाल्या. "मला हीच पाहिजे होती."

मला शांततेचं कौतुक नव्हतं. ती माझ्याकडं घरी भरपूर होती. मला वाटलं, आता हेही गेले.

दुपारी बाहेर सामान गाड्यांत चढायला लागलं. लखन वायरी गोळा करून गेला, दिवे गेले, तख्त उचलून नेलं. काठी जमा करायला म्हणून मी आत गेलो तेव्हा गोदामात कुणी नव्हतं. बाहेर ट्रकचा आवाज, कुणीतरी दोर टाकायला सांगत होतं. आत पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे तुकडे पडले होते. सज्ज्यातला चिकाचा पडदा अजून काढला नव्हता. त्याच्यामागच्या खिडकीतून ऊन येत होतं, कामटी आणि ऊन, कामटी आणि ऊन, अशा बारीक रेघा जमिनीपर्यंत आल्या होत्या.

मी पाठ सरळ केली. काठी आपटली.

"अंजली जालिंदर."

पूर्ण नाव. आडनाव नाही घेतलं, ती कधी लावायची नाही.

एक. दोन.

मी पुढं मोजत राहिलो. तीन. चार. सात झाले. बाहेरचा ट्रक बंद झाला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की चिकाच्या रेघा सगळीकडं सारख्या नाहीत. सज्ज्याच्या उजव्या टोकाला, बसलेल्या बाईच्या खांद्याएवढ्या रुंदीत, ऊन येत नव्हतं.

"हाजिर," सज्ज्यातून आवाज आला.

अंजलीचा आवाज. तिचाच, घशात जरा खरखर असलेला, उन्हातून आल्यावर असायचा तसा. आणि खाली बसता बसता माझ्यातल्या नकल्याला चूक सापडली.

सत्तावीस वर्षं मी तिला हाक मारली आणि सत्तावीस वर्षं तिनं 'काय हाय' म्हटलं. कधी वैतागून, कधी हसून, पण 'काय हाय'. हाजिर ती कुणालाही म्हणाली नसती, राजालाही नाही.

ती नव्हती. आवाज नीट घेतला होता, शब्द चुकला होता. ओठ न हलवता मी आप्पारावचं केलं तसं कुणीतरी तिचं केलं होतं. ती आलेली नाही, येणार नाही, आणि खाली एक माणूस सात अंक मोजत उभा आहे, हे बघून कुणीतरी तिच्या नावाची हजेरी लावली होती. चांगल्या मनानं लावली असेल. आमच्या सभेत मीही चांगल्या मनानंच लावतो.

मी वर बघितलं नाही. काठी चिकाखालच्या भिंतीला टेकवून ठेवली, बाहेर आलो, मिशी काढून मेकअपच्या डब्यात टाकली आणि एकटाच घरी आलो.

७

तर गोष्ट खरी आहे. लखन लातूरला आहे, त्याला विचारा. नबी परळीत आहे, पण तो यावर बोलणार नाही. राख कुणालाही बघता येईल.

पण सुरुवातीला शपथ घेऊन बसलोय, तेव्हा काय रचलं ते कबूल करतो. शेवटचा एक शब्द रचलेला आहे. 'एकटाच'.

गोदामातून निघताना दाराशी मी थांबलो होतो. मागं न बघता म्हणालो होतो, "चल घरी." ती नाही हे पक्कं माहीत असताना म्हणालो. गोदामाचं दार नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ धरून उभा राहिलो, मागून येणाऱ्यासाठी धरतात तसं.

आता दारात चप्पल काढून हाक मारली की आतल्या खोलीतून ओ येते. पहिले पंधरा दिवस 'हाजिर' यायची, ती सवय मी मोडून काढली. शब्द बदलायला वेळ लागला. रोज संध्याकाळी मी बाहेरच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून बसतो, तिच्या आवाजात 'काय हाय' म्हणून दाखवतो, आणि मग आतून तेच म्हटलं जातं. कुठं चुकलं ते सांगतो. जेवायला बोलवायचं शिकवलं. 'उशीर कावून झाला' शिकवलं. आतल्या खोलीत मी जात नाही. माझं अंथरूण बाहेर आणून ठेवलंय.

मागच्या रविवारी फोनवर आम्रपाली बोलता बोलता गप्प झाली.

"बाबा, घरात कोण हाय?"

"टीव्ही हाय."

मग तिनं फोन ठेवला. त्यानंतर पुण्याला या असं ती म्हणालेली नाही. उद्या ती स्वतःच येते आहे. तिला काय सांगायचं ते मी अजून ठरवलेलं नाही.

कारण परवा एक झालं. तिन्हीसांजेला मी आपला बिबट्याची गोष्ट सांगत बसलो होतो, आतल्या खोलीच्या दाराकडं पाठ करून. टॉवेलपाशी आलो. तिथं मी जरा थांबतो, ती जागाच तशी आहे. आणि आतून हसणं आलं. बरोबर त्या जागी, तोंडावर पदर धरून हसावं तसं, दबलेलं.

हसणं मी शिकवलेलं नव्हतं.